चार वर्षं खुर्चीवर गेली. आता घरच्या घरी ताकद आणि दम कसा वाढवावा? (नागपूर)

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. वय ४४, उंची ५ फूट ७ इंच, वजन ८४ किलो. चार वर्षांपासून घरूनच काम, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद असली की दुसऱ्या मजल्यावर थांबून श्वास घ्यावा लागतो. जमिनीवर जेवायला बसलो तर उठताना हात टेकावा लागतो. बीपीची एक गोळी रोज सुरू आहे, बीपी साधारण १३०/८४ असतं. शुगर नाही. गुडघे वाकवताना कटकट आवाज येतो, पण दुखत नाहीत.

जिम नको आहे. हॉलमध्ये ८ बाय ६ फूट जागा निघते. शिवाय जिना, गच्ची, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक जुनी सॅक आणि चटई. वेळ सकाळी ४० मिनिटं. मोबाइलवरचे तीस दिवसांचे कार्यक्रम दोनदा सुरू केले, दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात बंद पडले. एकदा खांदा, एकदा गुडघा.

सुरुवात कशाने आणि कितीने करावी? ताकद आधी की चालणं आधी? आणि मार्च लागलाच आहे, पुढे एप्रिल-मेमध्ये काय करायचं? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

कंडरा

"तिसऱ्या आठवड्यात बंद पडले" हेच तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. बऱ्याच जणांचं याच सुमारास फिसकटतं. पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद वाढल्यासारखी वाटते, ती स्नायू भरल्यामुळे नसते. आहेत तेच स्नायू मेंदू आणि नसा जास्त चांगले वापरायला शिकतात. दमही लवकर सुधारतो, कारण रक्तातला द्रवाचा भाग एक-दोन आठवड्यांतच वाढायला लागतो. पण स्नायू हाडाला बांधणारी कंडरा सावकाश घट्ट होते, तिला महिने लागतात. अंगात जोर आला म्हणून माणूस बैठका दुप्पट करतो, आणि गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा मात्र अजून पहिल्याच आठवड्यात असते.

म्हणून पहिले सहा आठवडे व्यायाम "फारच सोपा" वाटलाच पाहिजे. प्रत्येक सेट (म्हणजे न थांबता सलग केलेली एक खेप), अजून तीन वेळा सहज जमलं असतं अशा ठिकाणी सोडायचा.

आधी दोन मोजमापं घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिलं: साधारण ४५ सेंटीमीटर उंचीच्या खुर्चीवर हात छातीशी बांधून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं. ही चाचणी मुळात ज्येष्ठांसाठी आहे आणि साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषांची सर्वसाधारण पट्टी १४ ते १९ अशी आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी आकडा १४ च्या खाली आला तर मांड्या किती सुटल्यात ते कळेल. दुसरं: नेहमीच्या चालीने तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत लागणारा वेळ, न थांबता किंवा थांबून, जसं असेल तसं.

आता व्यायाम. पाचच हालचाली, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून.

खुर्चीवरून उठ-बस. प्लास्टिकची खुर्ची टाइल्सवर मागे सरकते, म्हणून ती भिंतीला टेकवा. चटईवर ठेवू नका, चटईसकट सरकते. पावलं खांद्याइतक्या अंतरावर, चवडे किंचित बाहेर, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका, मग उठा. बसताना मनात चार आकडे मोजा. शेवटची वीतभर उंची धपकन सोडून देणं ही नेहमीची चूक, आणि नेमकी तीच वीत जमिनीवरून उठताना हवी असते. उठताना गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर खुर्ची तुमच्यासाठी बुटकी पडतेय. तिच्यावर घडी घातलेली गोधडी ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी एकेक घडी कमी करा. गुडघा बोटांच्या पुढे गेला तर काही बिघडत नाही, ती भीती काढून टाका.

ढकलण्याचा व्यायाम. जमिनीवरचे पुशअप आत्ता नकोत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकवून करा, ओटा साधारण ८०-८५ सेंटीमीटर असतो आणि जागचा हलत नाही. कोपरं अंगापासून बाजूला पंखासारखी पसरली की खांद्याच्या पुढच्या भागात चिमटा बसतो. तुमचा खांदा बहुधा यानेच गेला असावा. कोपरं मागच्या बाजूला, अंगाशी अर्ध्या काटकोनात ठेवा. ओट्यावर १२-१२ चे तीन सेट सहज झाले की जिन्याची चौथी पायरी, मग तिसरी, मग दुसरी. ओटा पुसून कोरडा केला आहे ना ते बघा, तेलकट ओट्यावरून हात सटकला की दात जातात.

ओढण्याचा व्यायाम. घरी करणारे सगळे हाच टाळतात, कारण ओढायला काही सापडत नाही. आणि दिवसभर लॅपटॉपपुढे वाकलेल्या पाठीला गरज याचीच सगळ्यात जास्त. सोपा मार्ग सॅकचा: डावा हात पलंगाच्या कडेला टेका, पाठ जमिनीला जवळपास समांतर, उजव्या हातातली सॅक कमरेकडे ओढा. काखेकडे नाही, कमरेकडे. सुरुवात ५ किलोने. कणकेची ५ किलोची पिशवी आत टाकली की झालं. पिशवी आधी दुसऱ्या प्लास्टिकमध्ये बांधून घ्या.

महिन्याभराने चादर वापरता येईल. जाड सुती चादरीच्या मधोमध गाठ मारा, गाठ दाराच्या वरून पलीकडे टाका आणि दार लावून कडी घाला. दार तुमच्यापासून पलीकडे उघडणारं असलं पाहिजे, म्हणजे ओढलं की ते चौकटीत आणखी घट्ट बसतं. उलट असेल तर कडीवर सगळा भार येतो आणि तुम्ही दारासकट पाठीवर. लाकडी दार, मजबूत बिजागऱ्या; बाथरूमच्या पीव्हीसी दाराला हे करू नका. दोन्ही टोकं धरून मागे रेला आणि छाती दाराकडे ओढा. पावलं दाराच्या जितकी जवळ, तितकं जड.

कमरेतून वाकणं. जमिनीवरची बादली उचलताना पाठ धरते, कारण आपण मणक्यातून वाकतो, खुब्यातून नाही. पोछ्याचा दांडा पाठीवर उभा धरा: डोकं, खवाट्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेला. भिंतीकडे पाठ करून एक वीत पुढे उभे राहा, गुडघे किंचित सैल, आणि बुड मागे नेऊन भिंतीला लावा. दांडा तीनपैकी एकाही ठिकाणी सुटला तर हालचाल चुकली. नीट जमायला आठवडाभर लागतो. मग दांडा ठेवून सॅक छातीशी कवटाळून तेच.

पोट आणि पुठ्ठे. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, कंबर उचलून तीन सेकंद धरा, सावकाश खाली. याने पोटरीत किंवा मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा बुडाच्या जवळ घ्या. नंतर ओट्यावरच कोपरं टेकवून प्लँक, म्हणजे डोक्यापासून टाचांपर्यंत अंग सरळ ताठ धरून ठेवणं, २० सेकंद.

प्रमाण असं: पहिले दोन आठवडे प्रत्येकाचा एकच सेट, ८ वेळा. हो, एकच. पंधरा-वीस मिनिटांत आटपेल आणि अपराधी वाटेल, वाटू द्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन सेट. पाचव्यापासून तीन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. तिन्ही सेट १२ वेळा, तेही दोन-तीन शिल्लक ठेवून, व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी झाले की वजन वाढवायचं: सॅकमध्ये एक लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या, म्हणजे २ किलो. आकडा मग पुन्हा ८ वर आणायचा. वजन आणि सेट एकाच आठवड्यात दोन्ही वाढवू नका.

गुडघ्याच्या आवाजाबद्दल: दुखत नाही, सूज नाही, अडकत नाही, तर नुसत्या कटकटीकडे लक्ष देऊ नका. दुखलं तर दहापैकी तीनपर्यंत चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीइतकंच असलं पाहिजे. सकाळी वाढलेलं असेल तर आदल्या दिवशीचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी करा. पूर्ण बंद करू नका, कंडरेला पूर्ण आरामही मानवत नाही.

गोळी_पाणी

वरचं सगळं मान्य. बीपीच्या गोळीमुळे तीन गोष्टी जोडतो.

एक, श्वास. जोर लावताना श्वास कोंडला की बीपी क्षणात बरंच वर जातं. उठताना, ढकलताना, ओढताना तोंडाने सोडा. खाली येताना नाकाने घ्या. आकडे मोठ्याने मोजले तर श्वास कोंडताच येत नाही. व्यायामाआधी मशीनवर १८०/११० किंवा जास्त दिसलं तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन.

दोन, गोळीच्या पत्त्यावरचं मूळ औषधाचं नाव वाचा. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखं काही असेल तर नाडी मुळातच दाबलेली राहते, त्यामुळे "२२० वजा वय" वगैरे जास्तीत जास्त नाडीचे हिशोब आणि घड्याळावरचे नाडीचे रंगीत पट्टे तुमच्या कामाचे नाहीत. बोलून बघा: चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ही योग्य चाल. हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलेलं असेल तर ते लघवीवाटे पाणी आणि मीठ काढतं; उन्हाळ्यात चक्कर येण्याची शक्यता वाढते. आणि अंग दुखतंय म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून घेऊ नका. बीपीच्या काही गोळ्या, शरीरात कमी पडलेलं पाणी आणि ही वेदनाशामकं, तिन्ही एकत्र आली की भार मूत्रपिंडावर येतो. चार वर्षं बसून होतात आणि गोळी चालू आहे, तेव्हा सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. ईसीजी काढायचा की नाही ते ठरवतील.

तीन, अंग आंबणं आणि धोका यातला फरक. व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत दोन्हीकडे सारखं दुखणं, जिना उतरताना मांड्या कुरकुरणं, हे साधं आहे. पण दंड किंवा मांडी टम्म सुजली, हात सरळ होईना आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडाकडे जातंय; त्याच दिवशी दवाखाना. पहिल्याच दिवशी पैजेवर शंभर-दोनशे बैठका मारणाऱ्यांना हे होतं. छातीवर दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, गार घाम: तिथेच बसा, १०८ लावा. "गॅस असेल" म्हणून सोडा घेत बसू नका.

शेवटी, व्यायाम संपला की लगेच खुर्चीत बसू नका. पायांत रक्त साठतं आणि उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पाच मिनिटं घरातच फेऱ्या मारा, मग बसा.

तिसरा_मजला

खूप आभार. पत्ता वाचला, टेल्मिसार्टन एवढंच लिहिलं आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना भेटतो. चालण्याचं आणि जिन्याचं कोणी सांगेल का? जिना रोज तिसऱ्या मजल्यापर्यंत चार वेळा चढलो तर वेगळं चालायची गरज आहे का?

वऱ्हाडी_ठसका

भाऊ, काहून एवढी घाई? पहिल्या महिन्यात जिना नाही, सपाट चालणं.

टेल्मिसार्टन नाडी दाबत नाही, त्यामुळे नाडी मोजली तरी चालते, पण बोलून बघणंच सोपं. २० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, ४० वर थांबा. पाच दिवस ४० मिनिटं म्हणजे २००. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम असं आहे, म्हणजे तुम्ही बरोबर मधात बसता. ताकदीच्या दिवशी आधी ताकद, मग चालणं. उलट केलं तर थकलेल्या पायांनी उठ-बस होते आणि गुडघे आत झुकतात. वेळ नसेल तर १० मिनिटांचे दोन तुकडे करा, जेवणानंतरचा एक.

फुटाळ्याच्या काठाने चाला, अंबाझरीच्या बागेत चाला, घराजवळचं कोणतंही मैदान चालेल. सेमिनरी हिल्सचा चढ मात्र एवढ्यात नको. चढापेक्षा तिथला उतार वाईट: उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावतो, आणि अंग सगळ्यात जास्त आंबतं ते त्यानेच.

जिन्यालाही हेच लागू. पाचव्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा, चालण्याच्या दिवसांत. पाच मिनिटं सपाट चालून अंग गरम करा. मग एक मजला, म्हणजे साधारण १८ पायऱ्या, बोलणं तुटेल इतक्या वेगाने चढा. पूर्ण पाऊल पायरीवर ठेवा, नुसत्या चवड्यावर चढलं की पोटऱ्या आणि टाच धरते. कठडा धरून सावकाश उतरा, खाली एक मिनिट फिरा. अशा चार फेऱ्या. दर आठवड्याला एक फेरी वाढवत सातपर्यंत. नवव्या आठवड्यात दोन मजले सलग, पुन्हा चार फेऱ्यांपासून. लिफ्ट चालू असली तर उतरायला लिफ्ट घ्या, त्यात काही कमीपणा नाही. सलग तिसरा मजला दहाव्या-अकराव्या आठवड्यात आपोआप जमतो.

आता उन्हाचं. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जाऊन बसतो, तेव्हा संध्याकाळ ही व्यायामाची वेळ राहतच नाही. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत गरमी सोडून राहिलेला असतो. गच्चीवर सूर्य मावळल्यावर फिरणं म्हणजे तव्यावर फिरणं. मेमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. पाचला बाहेर, सहापर्यंत घरात. नाहीच जमलं तर बिल्डिंगच्या खालच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारा, तिथं जमीन तापलेली नसते.

शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. एप्रिलमध्ये पारा चढला की तेवढे दिवस प्रमाण वाढवू नका, आहे तेच ठेवा.

आपली हवा कोरडी, त्यामुळे घाम दिसतच नाही, येतो तसा उडून जातो. "मला घामच येत नाही" म्हणून लोक पाणी पीत नाहीत अन् दुपारी डोकं धरतं. एकदा व्यायामाआधी आणि नंतर वजन करून बघा: जितके ग्रॅम उतरलं तितके मिलिलिटर पाणी गेलं. अर्धा किलो उतरलं तर अर्धा लिटर, तेही घटाघट नाही, तासाभरात. ४० मिनिटांच्या व्यायामाला ओआरएसची पाकिटं लागत नाहीत, आणि बीपी असताना उगाच मीठ कशाला?

कुलरसमोर व्यायाम करत असाल तर मागची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कुलर लावला की हवा ओली होते, मग घाम उडत नाही आणि अंग तापतच जातं. पाऊस सुरू झाला की कुलर तसाही निकामी. पावसाळ्यात गच्चीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिकडे जाऊ नका.

लाल_माती

एवढा मोठा धागा झाला, पण जोर-बैठका आणि सूर्यनमस्कार कोणी काढलेच नाहीत, नवल आहे. सॅक, चादर, पोछ्याचा दांडा सगळं आलं. आखाड्यात पिढ्यान्‌पिढ्या लोक याच व्यायामांवर तयार झाले. रोज १२ सूर्यनमस्कार घातले तर ताकद, दम, लवचीकपणा तिन्ही एकाच जागी, सहा फूट चटईत. वेगळं काही कशाला?

कंडरा

जोर-बैठकांना विरोध नाही, पण तिसऱ्या महिन्याआधी नकोत, निदान या गुडघ्यांना नकोत. आखाड्यातली बैठक टाचा उचलून, पूर्ण खाली, झोकात होते. सगळा भार वाटीखालच्या कंडरेवर, तोही झटक्याने. आखाड्यातला पोरगा बारा-तेराव्या वर्षापासून वाढवत वाढवत तिथं पोचलेला असतो. हे चव्वेचाळिसाव्या वर्षी चार वर्षांच्या बैठ्या कामानंतर सुरू करताहेत.

सूर्यनमस्काराचं म्हणाल तर दमासाठी आणि सांधे मोकळे करायला उत्तम. पण त्यात ओढण्याची एकही हालचाल नाही आणि भार वाढवायची सोय नाही. संख्या वाढते, वजन तेच राहतं. बाराचे चोवीस केले की ताकदीपेक्षा दमाचा व्यायाम होतो. आठवड्यातून दोन दिवस, ताकदीचे व्यायाम नसतील तेव्हा, सहापासून सुरू करायला काहीच हरकत नाही.

लाल_माती

ओढण्याचं मान्य. आखाड्यात त्यासाठी दोर असतो, मल्लखांब असतो, नुसत्या जोर-बैठका कोणीच मारत नाही, ते लिहायचं राहिलं. पण बैठक तिसऱ्या महिन्यापर्यंत ताटकळत ठेवायची गरज वाटत नाही. दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरून, टाचा टेकवून, जितकं न दुखता जातं तितकंच खाली, सावकाश १०. हातांनी भार उचलला जातो, झोक राहत नाही. खुर्चीवर १२-१२ चे तीन सेट झाले की हे सुरू करता येतं.

तिसरा_मजला यांना एकच सांगतो: सूर्यनमस्कारात डोकं खाली गेल्यावर चटकन वर येऊ नका, बीपीची गोळी असताना चक्कर येते. आणि भुजंगासारखं मागे वाकताना मान मागे टाकू नका, छाती पुढे न्या. मनगट दुखत असेल तर घडी घातलेला पंचा तळहाताच्या टाचेखाली ठेवा, बोटं खाली उतरू द्या. मनगटाचा कोन कमी होतो.

कंडरा

गज धरून बैठक, चालेल. हे मला पटलं. खिडकीचे गज भिंतीत पक्के आहेत ना ते आधी बघा.

तिसरा_मजला

जेवणाचं राहिलं. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी पोळी-भाजी-वरण-भात, रात्री तेच. मांसाहार महिन्यातून एक-दोनदा, अंडी चालतात. पावडर घ्यावी लागेल का?

वाटीभर_वरण

पावडर लागणार नाही, वाट्या मोजाव्या लागतील.

प्रौढांसाठी भारतीय शिफारस वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं अशी आहे. ताकदीचा व्यायाम सुरू केल्यावर १.२ धरा. मात्र ८४ किलोवर नाही, उंचीला शोभेल अशा ७० किलोवर. म्हणजे ८४ ग्रॅम. (योगायोगाने आकडा तोच आला, गोंधळू नका.)

सध्याच्या ताटाचा हिशोब बघा. एक प्लेट पोह्यांत ५-६ ग्रॅम. वर चण्याची तर्री घेतली तर थोडी भर पडते, पण तर्रीत चणे किती आणि तेल किती हे ठेल्यागणिक बदलतं. वरणाच्या वाटीत तूरडाळ ३० ग्रॅम असेल तर ७ ग्रॅम; वरण पातळ केलं की वाटी तीच, डाळ अर्धी. बहुतेक घरी हेच होतं.

मग असं करा. सकाळी दोन अंडी १२, कपभर म्हणजे २५० मिली दूध ८. दुपारी घट्ट वरण ७, दोन पोळ्या ७, वाटीभर दही ६. चार वाजता मूठ-दीड मूठ भाजलेले चणे, ४० ग्रॅम, ८. रात्री ४० ग्रॅम बेसनाचा झुणका ९, ज्वारीच्या दोन भाकरी १२. झाले ६९. उरलेल्या पंधरासाठी ३० ग्रॅम सोयाबीन वड्या. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा, नाहीतर वास राहतो, आणि दुपारच्या भाजीत टाका. वड्या नको असतील तर ७५-८० ग्रॅम पनीर.

सगळी प्रथिनं रात्रीच्या एका जेवणात कोंबू नका, तीन-चार वेळांना वाटली गेली पाहिजेत. नाश्ताच बहुधा रिकामा जातो, तो आधी दुरुस्त करा. एकदम दुप्पट डाळ-चणे सुरू केले तर पोट फुगेल. आठवड्याला एकेक पदार्थ वाढवा. युरिक ॲसिड किंवा मूत्रपिंडाची काही तक्रार असेल तर हा हिशोब तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांना विचारून ठरवा.

वजन पहिल्या महिन्यात हललं नाही तर घाबरू नका. बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर मोजा, सकाळी, उपाशी, श्वास सोडून. टेप मागच्या बाजूला खाली घसरतो, तो आरशात बघा.

तिसरा_मजला

सगळं लिहून घेतलं. शेवटचा प्रश्न. मेमध्ये घरातली दोन लग्नं आहेत, दहा-बारा दिवस गावाला जाणं, धावपळ, जागरण. तेव्हा सगळं सुटणार. परत आल्यावर पहिल्यापासून सुरू करायचं का?

कंडरा

नाही. दहा-बारा दिवसांत ताकद जवळपास तशीच राहते, दम थोडा उतरतो. गावाला जमलं तर चार दिवसांनी एकदा खुर्चीवरची उठ-बस आणि ओट्यावरचे पुशअप, एकेक सेट. एवढ्यावर ताकद टिकते. परत आल्यावर वजन तेच ठेवा, सेट निम्मे करा, एक आठवडा. चालणं ३० मिनिटांवर, जिन्याच्या फेऱ्या दोनने कमी. पुढच्या आठवड्यात जिथे सोडलं होतं तिथे.

तीन आठवड्यांच्या वर सुटलं तर मात्र वजनही एक तृतीयांश उतरवा. ताप येऊन गेला असेल तर ताप पूर्ण उतरल्यावर आधी तीन-चार दिवस नुसतं सपाट चालणं. त्यात नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर ताकदीचे व्यायाम आणखी पुढे ढकला.

लग्नात पंगतीला खाली बसायची वेळ आली तर उठताना एक गुडघा टेका, दुसरं पाऊल पुढे ठेवा, मांडीवर हात देऊन उठा. जमिनीवर हात टेकवू नका. दोन्ही बाजूंनी आलटून पालटून. बाराव्या आठवड्यात मांडीवरचा हातही काढून बघा आणि त्याच दिवशी खुर्चीची ३० सेकंदांची चाचणी पुन्हा घ्या, खुर्ची तीच हवी. सुरुवातीचा आणि तेव्हाचा, दोन्ही आकडे इथे टाका.